आकड्यांमागचा शेतकरी

आसेगाव, ता. मंगरूळपीर, जि. वाशिम
जुलै

चि. बाळ,

तू पाठवलेला तुझ्या संकेतस्थळाच्या भेटींचा तक्ता नीट बसून पाहिला. सोयाबीनवर इतक्या कळकळीनं लिहितेस आणि भेटींचा आकडा पाहून हिरमुसतेस, हे मला पटलं नाही. एकूण भेटींचा रकाना जरा बाजूला ठेव. लोक काय टाइप करून तुझ्यापर्यंत आले, तो रकाना उघड.

उगवणशक्तीवरचा तुझा लेख वर्षभर पडून असतो, मे संपता संपता एकदम वर जातो आणि पेरण्या उरकल्या की खाली येतो. येणारच. घरचं बियाणं ठेवणारा शेतकरी मृगाच्या तोंडावरच ओल्या गोणपाटावर 10-10 च्या ओळींत 100 दाणे मांडतो, गुंडाळी सावलीत ठेवून ओली राखतो आणि आठवड्यानं कोंब मोजतो. 70 निघाले तर एकरी 30 किलो बी पुरतं, कमी निघाले तर त्या मानानं वाढवावं लागतं. हा प्रश्न डिसेंबरात कुणाला पडणार? तेव्हा वर्षाची सरासरी काढून या लेखाची किंमत ठरवू नकोस. हे आकडे देणारं गूगलचं सर्च कन्सोल 16 महिन्यांचंच दाखवतं. आत्ता दोन्ही मे महिने शेजारी ठेवून पाहता येतील, ते उतरवून ठेव.

माझी नजर मात्र एका ओळीवर अडली. जूनअखेर काही जणांनी ‘सोयाबीन उगवलं नाही काय करावं’ असं विचारलंय. तुझा लेख त्यांना यादीत दिसला, पण एकानंही उघडला नाही. कसा उघडतील? बी मातीत गेल्यावर त्याची चाचणी वाचून काय उपयोग! दुबार पेरणी म्हणजे बी, मजुरी, ट्रॅक्टरचं भाडं सगळं पुन्हा, तेही बहुधा उसनवारीवर. त्या माणसाला आधी तास उकरून बघायला सांग: दाणा पाच सेंटिमीटरच्या खाली गेला का, जोराच्या पावसानं वर पापडी धरली का, की ओल पुरेशी नसताना, 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होण्याआधीच पेरलं. कारण कळल्याशिवाय मोडायचं की थांबायचं हे ठरवता येत नाही. यावर तू एक ओळही लिहिलेली नाहीस. पुढचा लेख हाच लिही, आणि मथळा त्यांनी विचारलाय तसाच दे.

शब्दांच्या ओळींची बेरीज एकूण क्लिकशी जुळत नाही म्हणून घाबरलीस, पण त्या आकड्यांत चूक काही नाही. फार थोड्यांनी विचारलेलं गूगल गुप्ततेसाठी दाखवतच नाही. गूगल ट्रेंड्सवरचे 100 म्हणजेही 100 माणसं नव्हेत. निवडलेल्या काळातला तो सर्वांत वरचा टप्पा, बाकीचं त्याच्या तुलनेत.

आपल्या खालच्या वावरात पापडी धरलेली आहे. उद्या उजेडात फोटो काढून पाठवतो, लेखाला लाव. ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा