थर्मासमधला बर्फ

सावेडी, रविवार.

जिन्याखाली आता कुत्र्याची तीनच पिल्लं. चौथं मंगळवारी गेलं. आधी उलट्या, मग रक्ताची हगवण. डॉक्टर बघताक्षणीच पार्व्हो म्हणाले.

आज उरलेल्यांना पहिली लस. ती दोन ते आठ अंशांत राहायला हवी, म्हणून बर्फाच्या थर्मासातून आणली. स्कूटरवर पायांशी थर्मास. प्रत्येक खड्ड्याला बर्फ खडखडायचा. (नगरचे रस्ते, मीही खडखडत होतो.)

आईच्या दुधातून आलेलं संरक्षण अंगात असेपर्यंत लस नीट लागू पडत नाही, आणि ते कधी ओसरेल हे पिल्लागणिक वेगळं. म्हणून सोळा आठवड्यांची होईपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी डोस, रेबीजची लस तीन महिन्यांची झाल्यावर. तरी ते संरक्षण ओसरणं आणि लस लागू पडणं यांच्या मध्ये एक फट राहतेच.

चौथं त्या फटीत सापडलं? की मी हौसेनं पाजलेलं गाईचं दूध? दुधानं पोट बिघडतं, पार्व्हो होत नाही, असं डॉक्टरांनी दोनदा सांगितलं. तरी ब्लीचिंगच्या पाण्यात बुडवलेली ती दुधाची वाटी अजून बादलीच्या तळाशीच आहे. काढायला हात जात नाही.

माझी आई चंपाषष्ठीला आधी कुत्र्याला नैवेद्य घालायची, खंडोबाचं जनावर म्हणून. मी आता मऊ भात नि उकडलेलं अंडं कालवतो, दिवसातून चारदा. खाऊन झालं की पोटं तबल्यासारखी होतात.

टोचताना दोघं केकाटली. तांबडं मात्र गप्प होतं. थर्मासाच्या थंडगार झाकणाला नाक लावून झोपलं. बर्फ वितळला होता, तरी मी झाकण काढून घेतलं नाही.