बोल्ट कसताना

वादळात टॉवर पडतो असं लोकांना वाटतं. टॉवर सहसा उभाच असतो. वरची डिश बोटभर फिरलेली असते आणि तेवढ्यानं मागची आठ-दहा गावं मुकी होतात.

3 जून 2020 रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर ताशी शंभरावर किलोमीटर वेगानं आदळलं. श्रीवर्धनच्या सुपारीच्या बागा आडव्या झाल्या, विजेचे खांब आडवे झाले, आणि खांबांवरून नेलेली फायबरही त्यांच्याबरोबर गेली. डिशवरची मायक्रोवेव्ह लिंक म्हणजे म्हाताऱ्यांचं काम, हा फायबरवाल्यांचा तोरा मी वर्षानुवर्षं ऐकत आलोय. त्या दिवसांत ते बिचारे पडलेल्या झाडांखाली केबलची टोकं शोधत होते. (सांगताना अजून बरं वाटतं, खोटं कशाला बोलू?) हेवा वाटतो तो हॅम रेडिओवाल्यांचा. 2001च्या भूज भूकंपात त्यांनीच निरोप पोचवले. तार टांगली, बॅटरी जोडली, बोलायला मोकळे. नेम धरायची भानगड नाही.

आमचं सगळं नेमावर. 60 सेंटिमीटरची डिश, 15 गिगाहर्ट्झ. मुख्य झोत जेमतेम सव्वादोन अंशांचा आणि त्याच्या दोन्ही अंगांना साइड लोबची खोटी शिखरं. डिश फिरवावी, सिग्नल चढतो, उतरतो, माणूस खूश होऊन बोल्ट कसतो आणि हिशेबापेक्षा वीसेक डेसिबल (डीबी) कमी घेऊन खाली येतो. कोरड्या दिवसांत हे लगेच कळतं. वादळामागून पाऊस लागलेला असतो, आणि तोही डीबी खातो. मग चोर कोण? पावसाचा आकडा नाचतो, साइड लोबचा ठाम राहतो, एवढीच खूण. पाऊस एका लयीत लागला की तीही पुसट. म्हणून डिश लांबवर फिरवून तिन्ही शिखरं बघायची नि मधलं धरायचं. वरखाली कोन चुकला असेल तर मधलं सापडतच नाही, दोन सारखी टेकाडं दिसतात. तोवर पलीकडच्या डिशवरच्या माणसानं हात बांधून बसायचं. तो बसत नाही.

आणि एवढं करून, बोल्ट कसताना डिश केसभर सरकते. किती सरकणार हे माझ्या मनगटाला कळायचं. तेवढी आधीच उलटी सोडायची. पण उंचीवरच्या कामाच्या तपासणीत रक्तदाबानं घात केला. आता मी खाली लॅपटॉपपाशी आणि वर एक चोविशीतला पोरगा.

परवाच्या वाऱ्यानंतर त्याला वॉकीटॉकीवरून मनगटाची गोष्ट सांगितली. त्यानं ऐकून घेतली. मग चारही बोल्ट आळीपाळीनं, पाव-पाव फेरा आवळत, दरवेळी मीटर बघत गेला.

“काका, सरकतच नाहीये.”

आकडा हिशेबाला अर्ध्या डीबीत जुळला. मी म्हटलं, “अरे, वादळात एवढा वेळ कुठला?” मनगटाची गोष्ट मी इतक्या पोरांना ऐकवलीय की ती खरी राहावी म्हणून त्याच्या कामाला घड्याळ लावून बसलो होतो. पुढच्या साइटवरही लावणार आहे.