विनातिकीट

तर झालं असं की मार्च २०२५ मधला एक शनिवार होता. बाहेर न्यू जर्सीचा रडका पाऊस, आणि मी चहाचा मग घेऊन टॅक्स रिटर्न भरायला बसलो होतो. (इथे ते १५ एप्रिलच्या आत उरकायचं असतं. एरवी मी १४ तारखेच्या रात्री बसणाऱ्यांतला, पण यंदा शहाणपण सुचलं होतं.)

सॉफ्टवेअरने मागच्या वर्षीची माहिती उचलली आणि विचारलं, "२०२३ साठी तुम्ही ट्रॅडिशनल आयआरएमध्ये ६,५०० डॉलर भरले होते. यंदा किती?"

चहा हातातच राहिला. कारण माझं ट्रॅडिशनल आयआरए खातंच नाहीये! माझं आहे ते रॉथ.

ज्यांना ही भानगड माहीत नाही त्यांच्यासाठी: आयआरए म्हणजे म्हातारपणासाठी आपलं आपण उघडायचं खातं. त्याचे मुख्य प्रकार दोन, आणि फरक एवढाच की सरकारचं तिकीट चढताना काढायचं की उतरताना. ट्रॅडिशनलमध्ये भरलेली रक्कम उत्पन्नातून वजा करता येते, टॅक्स द्यायचा तो म्हातारपणी पैसे काढताना. रॉथमध्ये आधी टॅक्स भरून उरलेले पैसे टाकायचे, मग साडेएकोणसाठाव्या वर्षानंतर (खातं निदान पाच वर्षं जुनं हवं) मुद्दल आणि वाढ दोन्ही करमुक्त.

मी पैसे भरले रॉथमध्ये आणि रिटर्नमध्ये वजावट घेतली ट्रॅडिशनलची. एक चौकोन चुकीचा टिकवला, बस. म्हणजे चढताना म्हणालो उतरताना काढतो, आणि उतरताना म्हणणार की चढतानाच काढलंय. शुद्ध विनातिकीट प्रवास.

सॉफ्टवेअरने तरी कसं पकडावं? तेव्हाच्या माझ्या छोट्या कंपनीत ४०१(के) नव्हतं, त्यामुळे पूर्ण वजावट घ्यायला कायद्याची आडकाठी नव्हती. शेड्यूल १, ओळ २०, आकडा ६,५००. सगळं कसं व्यवस्थित. माझा स्लॅब २२ टक्क्यांचा, म्हणजे १,४३० डॉलर मी सरकारचे दाबून बसलो होतो, तेही वर्षभर, आणि मला पत्ता नाही.

ड्रॉवर उपसला. फॉर्म ५४९८ निघाला. खातं जिथे आहे ती संस्था हा फॉर्म मे महिन्यात पाठवते, म्हणजे आपण रिटर्न भरून मोकळे झाल्यावर! त्यात रॉथच्या चौकटीत स्वच्छ ६,५०० छापलेले. पाकीट मी फोडलंच नव्हतं. तेव्हा फोडलं असतं तर १५ ऑक्टोबर २०२४ पर्यंत ते पैसे, त्यावरच्या वाढीसकट, ट्रॅडिशनलमध्ये वळवून घेता आले असते आणि वजावट टिकली असती. आता ती वाट बंद.

रूममेट म्हणाला, "सोड ना यार. कोण बघतंय? मोठमोठे लोक लाखो बुडवतात."

खोटं कशाला बोलू, अर्धा तास मला ते पटलं होतं. १,४३० डॉलर म्हणजे एक भारतवारी. दुसरीकडे भीतीही होतीच. ५४९८ ची एक प्रत आयआरएसकडेही जाते. त्यांनी आधी पकडलं तर निष्काळजीपणाचा २० टक्के दंड लागू शकतो, आपण होऊन आधी सुधारलं तर तो टळतो. शिवाय आपण एच-१बीवाले, ग्रीन कार्डाच्या रांगेत उभे.

रात्री घरी फोन केला. अण्णा एसटीत कंडक्टर होते, आता रिटायर. त्यांना आयआरए, रॉथ काय सांगणार? जमेल तसं सांगितलं.

"म्हणजे तिकीट फाडलं नाहीस," ते म्हणाले.

"हो, तसंच."

"आणि आता भरतोयस ते चेकर येईल म्हणून?"

मी गप्प. मग म्हटलं, "अण्णा, खरं सांगू? थोडं तसंच."

"बरं. भर तू आधी. कारण मागनं शोधू."

लहानपणी मी त्यांच्याबरोबर डेपोत जायचो. शेवटची गाडी लागली की ते वेबिल घेऊन हिशोबाला बसायचे. पैसे कमी पडले तर खिशातून घालायचे. पण आठ आणे जास्त निघाले तरी तेवढेच अस्वस्थ, कुणाला तरी सुटे द्यायचे राहिलेत म्हणून. मला तेव्हा ते येडेपण वाटायचं.

रविवारी १०४०-एक्स भरला. हा म्हणजे दुरुस्तीचा फॉर्म, आणि आपल्या धंद्यातल्या माणसाला तो लगेच कळतो. तीन कॉलम: ए मध्ये आधीचा आकडा, सी मध्ये बरोबर आकडा, बी मध्ये दोघांतला डिफ. शेवटी बदल का केला ते लिहायचं, म्हणजे कमिट मेसेज :-) मी लिहिलं, "रॉथमध्ये भरलेली रक्कम चुकून ट्रॅडिशनल म्हणून दाखवली. वजावट काढून टाकली आहे." दोन ओळी. त्या लिहायला पाऊण तास गेला, कारण प्रत्येक वेळी सॉफ्टवेअरवर खापर फोडणारं एखादं वाक्य आत घुसत होतं.

न्यू जर्सी आयआरएची वजावट देतच नाही, त्यामुळे राज्याच्या रिटर्नला हात लावावा लागला नाही. १,४३० डॉलर ऑनलाइन भरले. पुढे व्याजाचं पत्र आलं, शंभर डॉलरच्या थोडं वर. तेही भरलं. जूनमध्ये दुरुस्ती पूर्ण झाल्याचं वेबसाइटवर दिसलं. कुणी शाबासकी दिली नाही, कुणी ओरडलं नाही.

अण्णांना कळवलं. म्हणाले, "मिटला हिशोब?" मी म्हटलं मिटला. "मग झोप आता, तिकडं रात्र असंल."

तिकडे दुपारचे दोन वाजले होते, पण मी हो म्हटलं.

असो. तुमच्याही ड्रॉवरमध्ये मे महिन्यातलं एखादं न फोडलेलं पाकीट असेल. फोडा. रिटर्न भरल्यापासून साधारण तीन वर्षं हा फॉर्म भरता येतो. तुमचेच पैसे सरकारकडे अडकले असतील तर तेही याच वाटेने परत येतात. माझे मात्र गेले. भारतवारी पुढच्या वर्षी.