"शाळेत कसे होता?" हे विचारायला आठ वर्षं गेली

आठ वर्षं मी चिंतेच्या गोळ्या घेतल्या. मधे दोनदा डिप्रेशन येऊन गेलं. गोळ्या सुरू केल्या की बरं वाटायचं, बंद केल्या की पुन्हा तेच. तीन डॉक्टर झाले. तिघंही चांगली माणसं, कुणाबद्दल तक्रार नाही. मागच्या वर्षी चौथ्या डॉक्टर मॅडमनी पहिल्याच भेटीत विचारलं, "शाळेत कसे होता? पुढच्या वेळी आईंना घेऊन याल का?"

आई आली ती माझी चौथी-पाचवीची प्रगतीपुस्तकं पिशवीत घालूनच. शेरा सगळीकडे एकच : हुशार आहे, पण लक्ष देत नाही. आई म्हणाली, "छत्र्या किती हरवल्या याने, मी मोजायचं सोडून दिलं होतं."

अजून दोन भेटी झाल्या आणि निदान झालं, एडीएचडी. वय वर्षं ४१.

आता मागे वळून बघितलं की कळतं. खात्यात पैसे असून वीजबिल राहायचं, कनेक्शन कापायला माणूस दारात. ऑफिसात फाईल शेवटच्या रात्री. मग साहेबांशी खोटं, बायकोशी खोटं, आणि त्याची लाज. छातीत सतत धडधड. खरं सांगायचं तर मी कामं करायचो ती फक्त भीतीपोटी. गोळ्यांनी भीती कमी झाली आणि कामं आणखी साचली. साचली की बोलणी, बोलणी की "आपण बिनकामाचे" ही भावना. डिप्रेशन आलं ते या वाटेने. मधल्या काळात डोकं जाग्यावर राहावं म्हणून सिगारेट लागली ती वेगळीच.

हे माझ्या एकट्याचं नाही. अमेरिकेत देशभराच्या पाहणीवरून २००६ साली आकडे प्रसिद्ध झाले. मोठ्या माणसांत साधारण ४.४ टक्के लोकांना एडीएचडी. त्यांच्यातल्या जवळपास निम्म्यांना वर्षभरात चिंतेचा एखादा विकार, ३८ टक्क्यांना डिप्रेशनसारखा मनःस्थितीचा विकार आणि १५ टक्क्यांना व्यसनाचा त्रास. म्हणजे हा आजार एकटा येतच नाही म्हणा ना. आणि दवाखान्यात माणूस जातो तो सोबत आलेल्या आजारासाठी. झोप येत नाही, रडू येतं, धडधडतं हे सांगतो. "मी लहानपणापासून वस्तू हरवतो" हे कोण डॉक्टरांना सांगतं?

उलट बाजूही सांगतो, नाहीतर उद्या सगळे रील बघून स्वतःच निदान करतील. मोबाईलमुळे लक्ष उडतं म्हणजे एडीएचडी नव्हे. लक्षणं बाराव्या वर्षाच्या आधीपासून असावी लागतात, आणि घर, काम अशा एकापेक्षा जास्त ठिकाणी दिसावी लागतात. थायरॉईड, अपुरी झोप, नुसतं डिप्रेशन यांनीही लक्ष लागत नाही. बायपोलर असेल तर एडीएचडीच्या काही औषधांनी त्रास वाढू शकतो. म्हणून जे जास्त गंभीर, ते आधी सावरतात. हे ठरवणं मानसोपचारतज्ज्ञाचं काम. आणि हे वाचून कुणी चालू गोळ्या बंद करू नका!

आता मुद्द्याचं. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम देशात १९९६ पासून आहे. सरकारी ओपीडीतली गर्दी बघितली तर एका पेशंटला किती मिनिटं मिळणार हे सांगायला नको. मान्य. पण केसपेपरवर दोन प्रश्न छापायला काय खर्च येतो? शाळेत लक्ष लागायचं का? हा त्रास पहिल्यांदाच आहे, की पुन्हा पुन्हा येतोय? बारा वर्षांच्या आतलं उत्तर मिळालं तर पुढची तपासणी तरी होईल.

दुसरं, औषध. मिथाईलफेनिडेट एनडीपीएस कायद्याच्या यादीत आहे. नियंत्रण हवंच. पण मला त्यासाठी दर महिन्याला रजा टाकून शहरात जावं लागतं. गावच्या मेडिकलमध्ये चिठ्ठी दाखवली तर माणूस माझ्याकडे गुन्हेगारासारखा बघतो. तिसरं, विमा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात कलम २१(४) आहे. शरीराच्या आजाराला जसा विमा, तसाच मनाच्या आजाराला द्यायचा. पॉलिसी घेताना हे कलम सांगून विचारा.

कुणाला बोलायचं असेल तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे. चोवीस तास, फुकट, मराठीत.

परवा धाकट्याच्या वहीत बाईंचा शेरा आला, "लक्ष देत नाही." आधीचा मी असतो तर पोराला दोन धपाटे घातले असते. या वेळी शाळेत गेलो, बाईंसमोर बसलो आणि विचारलं, "बाई, नेमकं कधी लक्ष नसतं त्याचं?" अर्धा तास बोललो आम्ही. पुढच्या आठवड्यात त्याला दाखवायला नेतोय.