सूत्रकृमी, टेम्पो आणि बहिणीची नात

बरेच दिवस इथे काही लिहिणं झालं नाही. मध्यंतरी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि त्यानंतर एका विषयात अशी गुंतले की दुसरं काही सुचेना. खरं तर हा माझा प्रांत नव्हे. मी मराठी माध्यमातून बी.ए. झालेली, पेणच्या मुलांना जन्मभर मराठी आणि इतिहास शिकवला. पण दुखणं घरात आलं की माणूस कुठलाही धडा गिरवायला बसतो.

माझी धाकटी बहीण रोह्याला असते. तिची नात २०२० सालची. मुलगी हसरी, पण दीड वर्षाची झाली तरी उभी राहीना. पाय ताठ, टाचा टेकत नाहीत, धरून चालवलं तरी पडायची. बोलणंही मागे. तेलं झाली, काढे झाले, नवस झाले. शेवटी मुंबईच्या एका डॉक्टरांनी जनुकांची तपासणी करायला लावली आणि कागदावर नाव आलं: किफ-वन-ए. त्या जनुकात एका अक्षराची चूक. आईबापांचंही रक्त तपासलं. चूक दोघांतही नाही.

तोवर गावाने निदान करून ठेवलं होतं. २६ डिसेंबर २०१९ च्या सूर्यग्रहणात सूनबाईने विळीवर भाजी चिरली, म्हणून हे असं! पोरीने पाच वर्षं हे ऐकून घेतलं. समोर नाही कुणी म्हणत, पण हळदीकुंकवाला गेली की कुजबुज सुरू.

आणि एक दिवस बहिणीचा फोन. डॉक्टर म्हणाले होते, या आजारावरचं बरंच संशोधन किड्यांवर चालतं. बहीण रडकुंडीला आलेली. "ताई, माझ्या नातीचं दुखणं किड्यात शोधतायत म्हणे! किडा आणि आपलं लेकरू एक का गं?"

प्रश्न रास्त होता. उत्तर शोधायला मला दोन महिने लागले. भाच्याने कॉम्प्युटरवर लेख काढून दिले, एका जुन्या विद्यार्थिनीने (आता ती जीवशास्त्र शिकवते) समजावून सांगितले. जेवढं कळलं तेवढं लिहिते.

किडा म्हणजे सूत्रकृमी. वांग्याच्या मुळांना गाठी आणणारे सूत्रकृमी आपल्याकडच्या शेतकऱ्यांना ठाऊक आहेत. हा त्यांचाच भाऊबंद, पण पिकाला न छळणारा. नाव सी. एलेगन्स, लांबी जेमतेम एक मिलिमीटर. कुजक्या फळांत जीवाणू खाऊन राहतो. अंग काचेसारखं पारदर्शक, मज्जापेशी मोजून ३०२, आणि तीन-चार दिवसांत नवी पिढी तयार. सिडनी ब्रेनर या शास्त्रज्ञाने केंब्रिजमध्ये १९६० च्या दशकात हा किडा हाताशी धरला, त्याच्या जनुकांत मुद्दाम बिघाड घडवले आणि कोणता किडा वेडावाकडा सरपटतो ते पाहिलं. १९७४ साली ते छापून आलं. २००२ साली त्यांना दोन सहकाऱ्यांबरोबर नोबेल मिळालं. त्या वेडंवाकडं चालणाऱ्या किड्यांच्या जनुकांना 'अंक' असं नाव आणि क्रमांक दिले. त्यातलं अंक-१०४ हे आपल्याकडच्या किफ-वन-ए चं भावंड.

हे जनुक काय करतं? इथे मला पेणच आठवलं. मज्जापेशीचं धड एका टोकाला आणि तिचा तंतू लांबच लांब. माणसात कंबरेपासून पायाच्या बोटापर्यंत जाणारा तंतू हातभराहून मोठा असतो. पुढच्या पेशीला निरोप देण्यासाठी लागणाऱ्या रसायनांच्या पिशव्यांचं सामान धडात बनतं आणि वापरलं जातं तंतूच्या टोकाशी. म्हणजे गणपती बनतात हमरापूर-जोह्याच्या कारखान्यांत आणि बसतात मुंबईच्या मंडपात. मधली ने-आण करणारा टेम्पो म्हणजे किफ-वन-ए. १९९१ साली अंक-१०४ बिघडलेल्या किड्यांत असं दिसलं की धडात माल साचलाय आणि टोकाशी जवळजवळ काहीच नाही. कारखाना मूर्तींनी भरलेला, मंडप रिकामा! माणसांच्या मुलांत याच जनुकाच्या चुकीने आजार होतो हे कळलं त्यानंतर वीस वर्षांनी, २०११ मध्ये. टेम्पोचं काम किड्याने आधीच सांगून ठेवलं होतं.

(ज्यांना मेंदूच नाही असे जीवही या कामी येतात बरं का. बॅटन नावाच्या आजारात मुलांची दृष्टी जाते, मग बुद्धी. त्याच्या एका जनुकाचं भावंड पावाच्या यीस्टमध्ये सापडलं आणि १९९० च्या दशकापासून त्यावर अभ्यास चालू आहे.)

बहिणीला सर्वात बरं वाटलं ते हे की असलं काम परदेशातच चालतं असं नाही. मुंबईत कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत संध्या कौशिका यांची प्रयोगशाळा याच किड्याच्या तंतूंतली वाहतूक पाहते. २०१८ साली तिथून आलेल्या एका कामात दिसलं की धडधाकट किड्याच्या तंतूतही काही ठिकाणी माल थबकतो आणि त्याच्यामागे कोंडी होते. वडखळ नाक्यावर ज्यांनी गौरी-गणपतीत तासन्‌तास काढलेत त्यांना हे जास्त फोडून सांगायला नको.

आता मुद्द्याची गोष्ट. जपानमधल्या शिन्सुके निवा आणि सहकाऱ्यांनी माणसांत सापडलेल्या चुका किड्याच्या जनुकात जशाच्या तशा लिहिल्या. २०१९ मध्ये त्यांनी दाखवलं की काही घराण्यांतून चालत आलेल्या, पाय ताठ करणाऱ्या प्रकारात टेम्पो बंद पडत नाही, उलट प्रमाणाबाहेर धावतो. २०२२ मध्ये दुसऱ्या काही चुका तपासल्या. या मुलांत नव्यानेच उपजलेल्या, आईबापांत नसलेल्या. तिथे टेम्पो अडतो, आणि वाईट म्हणजे हे रेणू जोडीने चालतात. बैलजोडीतला एक बसला की दुसरा धड असूनही गाडी जागची हलत नाही.

म्हणजे आजाराचं नाव एक, बिघाड उलट दिशांचे. एकाला लगाम हवा, दुसऱ्याला वाट मोकळी हवी. एकच औषध सगळ्यांना देऊन कसं चालेल? कुठली चूक कुठल्या बाजूची, हे लेकरावर प्रयोग करून ठरवता येत नाही. किड्यावर येतं.

बसलेला बैल जोडीतून काढता आला तर? २०२४ साली अमेरिकेतल्या एका मुलीबद्दल लेख आला. तिच्या बिघडलेल्या प्रतीचा आवाज दाबणारं औषध खास तिच्यासाठी बनवून पाठीच्या कण्यात दिलं. काही लक्षणं हलकी झाली म्हणतात. बरी झाली असं नाही. बहिणीला मी हे दोनदा सांगितलं, कारण पहिलंच वाक्य तिने ऐकलं होतं. किडा बोलत नाही, त्याला फिट येते म्हणजे काय हे आपल्याला नीट कळतही नाही. आमची चिमणी शाळेत कधी जाईल हे तो सांगणार नाही.

पण ग्रहणाचं उत्तर मिळालं. आईबापांकडून बाळाकडे सहाशे कोटी अक्षरं उतरतात. त्यात साठ-सत्तर नव्या चुका प्रत्येक बाळात होतात, तुमच्या-माझ्यातही झाल्या. बहुतेक निरुपद्रवी जागी पडतात. हिची पडली नेमकी टेम्पोवर. विळीचा काही संबंध नाही. हे मी बहिणीच्या घरी, शेजारणी बसलेल्या असताना, मुद्दाम मोठ्याने सांगितलं. शाळेतला आवाज अजून आहे माझा.

सूनबाई काही बोलली नाही. रात्री वहीचं पान घेऊन आली. तिने डॉक्टरांना विचारायचे प्रश्न लिहिले होते. पहिला प्रश्न: आमचा टेम्पो अडणारा आहे की धावणारा? पुढच्या महिन्यात मुंबईला जायचंय. ते तिघं रोह्याहून दिव्याची गाडी धरतील, मी पेणला चढेन.