सात उठले, तीन उरले

कॉलेज आइस हॉकीतली लीग मोडते ती बहुधा उन्हाळ्यात. मुलं घरी गेलेली असतात, रिंक ओस पडलेली असते आणि आरडाओरडा करायला कोणी जागेवर नसतं. २८ जून २०१९ला असंच झालं. वेस्टर्न कॉलेजिएट हॉकी असोसिएशन, म्हणजे डब्ल्यूसीएचए, ही दहा संघांची जुनी कॉन्फरन्स. तिच्यातल्या सात विद्यापीठांनी कळवलं की दोन वर्षांनी आम्ही बाहेर पडतोय. मागे उरले तीन : अलास्कातले फेअरबँक्स आणि अँकरेज, आणि थेट दक्षिणेतलं अलाबामा-हंट्सव्हिल. अमेरिकेचा नकाशा समोर धरला तर कारण वेगळं विचारावं लागत नाही.

मी वेळापत्रकांचं गणित शिकवते. इस्पितळातल्या नर्सच्या पाळ्या, परीक्षांचे हॉल, विमानांचे कर्मचारी असं सगळं त्यात येतं. पण वर्ग जागा होतो तो खेळाच्या लीगवर आलो की. राहायला मिशिगनच्या उत्तर टोकाला, जिथे हिवाळ्यात सरासरी पाच मीटरच्या आसपास बर्फ पडतो आणि हॉकी हा गप्पांचा एकमेव सुरक्षित विषय असतो. ज्या लीगबद्दल लिहितेय तिचं वेळापत्रक माझ्या हातचं नाही, पण तिचा प्रश्न मी वर्गाला दरवर्षी घालते.

कॉन्फरन्स म्हणजे काय, ते आपल्याकडच्या वाचकाला थोडं सांगायला हवं. अमेरिकेतल्या कॉलेज खेळात वरची श्रेणी, खालची श्रेणी, बढती-घसरण असला प्रकार नाही. काही विद्यापीठं एकत्र येऊन आपला गट करतात, आपसात ठरलेले सामने खेळतात, पंचांची सोय एकत्र करतात आणि हंगामाच्या शेवटी आपली स्पर्धा भरवतात. पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत सोळाच संघ असतात. कॉन्फरन्सची स्पर्धा जिंकणाऱ्याला तिथे थेट जागा मिळते. बाकीच्यांना हंगामभरच्या गुणांकनाच्या भरवशावर बसावं लागतं. ही थेट जागा मिळवायची तर गटात किमान सहा सभासद लागतात. सहा हा आकडा लक्षात ठेवा. गेल्या पंधरा वर्षांतली सगळी पळापळ त्याच्याभोवती झाली आहे.

सुरुवात एका देणगीने झाली. टेरी पेगुला हे नैसर्गिक वायूच्या धंद्यात गडगंज झालेले गृहस्थ पेन स्टेट विद्यापीठाचे माजी विद्यार्थी. सप्टेंबर २०१०मध्ये त्यांनी तिथे हॉकीचा संघ आणि रिंक उभी करायला ८ कोटी ८० लाख डॉलर दिले. बिग टेन हा बड्या विद्यापीठांचा गट. त्यातल्या हॉकी खेळणाऱ्यांची संख्या तोवर पाच होती आणि ते पाच दुसऱ्यांच्या कॉन्फरन्समध्ये विखुरलेले होते. पेन स्टेट आलं आणि सहा झाले. लगेच २०११च्या मार्चमध्ये बिग टेनने स्वतःची हॉकी जाहीर केली. मिनेसोटा, विस्कॉन्सिन, मिशिगन यांच्यासारखे गर्दी खेचणारे संघ जाणार म्हटल्यावर मागे राहिलेल्यांतल्या तालेवारांनी जुलैत आपली वेगळी चूल मांडली : डेन्व्हर, नॉर्थ डकोटा, मिनेसोटा-डलूथ वगैरे. ती एनसीएचसी. २०१३च्या ऑक्टोबरात दोन्ही नव्या लीग सुरू झाल्या आणि १९७१पासून चालत आलेली सीसीएचए ही कॉन्फरन्स गुंडाळली गेली. एनसीएचसीच्या संघांनी पुढे २०१६ ते २०१९ सलग चार राष्ट्रीय विजेतेपदं घेतली. बिग टेनचं काय झालं असं इथे कुठल्याही बारमध्ये विचारून पाहा, तासभर निघतो.

या सगळ्यात ज्यांना कोणी बोलावलं नाही, ते डब्ल्यूसीएचएत एकत्र आले. छोटी गावं, छोटी विद्यापीठं, आणि सोबत अलास्काचे दोन आणि अलाबामाचा एक. लीगचं नाव जुनं, १९५१पासूनच्या परंपरेचं. १९५८मध्ये ती एकदा मोडलीही होती, कॅनडाहून वयाने मोठे खेळाडू आणण्याच्या भांडणावरून, आणि वर्षभरात पुन्हा उभी राहिली होती. पण नावाने बसचं डिझेल भरत नाही.

कॉलेज हॉकीत एकाच प्रतिस्पर्ध्याशी, एकाच गावी, शुक्रवारी आणि शनिवारी असे लागोपाठ दोन सामने होतात. म्हणजे एका खेपेत दोन सामने उरकतात. बसच्या पोटात स्केट्स, काठ्या आणि गोलरक्षकाचं अवजड सामान भरलं जातं, पोरं आसनांवर गृहपाठ घेऊन बसतात आणि बस गुरुवारी निघते. मिशिगन टेकच्या होटन गावाहून ओहायोतल्या बोलिंग ग्रीनला जायचं तर साडेनऊशे किलोमीटरच्या आसपास. समृद्धीवरून मुंबईहून नागपूर गाठावं आणि वर अडीचशे किलोमीटर जावं, तेही बर्फातून. वाटेत आठ किलोमीटरचा मॅकिनॉ पूल लागतो. त्याच्या वरच्या तारांवरून बर्फाचे तुकडे कोसळायला लागले की तो बंद करतात, मग पूल उघडेपर्यंत बस थांबून. आणि ही झाली सोपी खेप. फेअरबँक्सला जायचं तर विमानं बदलत जा, घड्याळ चार तास मागे घ्या, आठवड्याचे निम्मे तास बुडवा. अलास्कात खेळलेले सामने हंगामाच्या ३४ सामन्यांच्या मर्यादेत धरत नाहीत. पाहुण्यांनी यावं म्हणून नियमानेच दिलेली ही लाच आहे, दुसरं काय.

तेव्हा सात जणांचा हिशेब चुकला होता असं मी म्हणणार नाही. मला खटकते ती रीत. कोणाला बाहेर काढायचं तर बैठक बोलवावी लागते, मतदान घ्यावं लागतं, समोरच्याच्या तोंडावर बोलावं लागतं. सगळ्यांनीच उठून शेजारच्या खोलीत जायचं ठरवलं की यातलं काहीच करावं लागत नाही. शेजारच्या खोलीवर पाटीही तयार होती. मेलेल्या सीसीएचएचं नाव त्यांनी पुन्हा घेतलं, मिनेसोटाचे माजी प्रशिक्षक डॉन लूचिया यांना आयुक्त नेमलं आणि सेंट थॉमस हे तिसऱ्या श्रेणीतून एकदम पहिल्या श्रेणीत आलेलं विद्यापीठ आठवं म्हणून घेतलं. मॅकनॉटन चषकही त्यांच्यासोबत गेला. हा १९१३चा चांदीचा चषक इथल्या तांब्याच्या खाणींचे साहेब जेम्स मॅकनॉटन यांच्या नावाचा, आणि त्याचा सांभाळ मिशिगन टेककडे. चषक जिथे जातो तिथे लीग जाते, असं इथली जुनी मंडळी म्हणतात. ते खरंही झालं. पुरुषांची डब्ल्यूसीएचए २०२१मध्ये संपली. महिलांची त्याच नावाने चालू आहे.

नव्या लीगचा पहिला हंगाम २०२१-२२चा. आठ संघ, प्रत्येकाला सात प्रतिस्पर्धी. प्रत्येकाशी चार सामने धरले तर २८ होतात. ठेवले २६ : सहा जणांशी चार-चार, एकाशी दोनच. तेवढ्याने एक आठवडा मोकळा झाला. गणितवाल्यांच्या नजरेतून हे देखणं काम आहे.

शेवट मात्र कुठल्याही गणितात न बसणारा झाला. मार्च २०२२, मँकेटो, लीगच्या स्पर्धेचा, म्हणजे मेसन चषकाचा, अंतिम सामना, मिनेसोटा स्टेट विरुद्ध बेमिजी स्टेट. बरोबरी, मग ओव्हरटाइम, मग यजमान मिनेसोटा स्टेटचा गोल. हातमोजे हवेत उडाले, चषक दिला गेला, फोटो झाले. त्यानंतर कोणीतरी दुसऱ्या कोनातलं चित्रण पाहिलं. पक, म्हणजे खेळाची चकती, पुढून गेलीच नव्हती. गोलची चौकट जराशी उचलली गेली होती आणि पक बाजूने, तिच्या खालून आत सरकली होती. तासाभराहून जास्त वेळ गेल्यावर गोल रद्द झाला. दोन्ही संघ पुन्हा स्केट्स बांधून बर्फावर आले, ओव्हरटाइम पुढे सुरू झाला आणि मिनेसोटा स्टेटने दुसऱ्यांदा, या वेळी समोरून, गोल करून सामना २-१ जिंकला. वर्षभराच्या लीगने दिलेला चषक मागे घेऊन खेळ पुढे चालवला, याचं मला अजून कौतुक वाटतं. जुन्या, मुरलेल्या संस्थेने बहुधा दिलगिरीचं पत्रक काढून विषय मिटवला असता. मिनेसोटा स्टेट पुढे बॉस्टनला राष्ट्रीय अंतिम सामन्यापर्यंत गेलं आणि डेन्व्हरकडून ५-१ हरलं.

उरलेल्या तिघांचं काय? अलाबामा-हंट्सव्हिलचा संघ २०२०मध्येच बंद पडत होता; हितचिंतकांनी आठवड्याभरात पैसे जमवून तो वाचवला. मे २०२१मध्ये, कुठलीच कॉन्फरन्स घेईना म्हणून, तो थांबवला गेला. अँकरेजवाल्यांनी ३० लाख डॉलर उभे केले आणि दोन हंगाम पूर्ण गमावून २०२२मध्ये परत आले. फेअरबँक्स कोणत्याही गटाविना खेळत राहिलं. २०२२-२३मध्ये त्यांनी २२ सामने जिंकले आणि १० हरले, तरी सोळांत जागा मिळाली नाही. कॉन्फरन्सच नाही तर तिची स्पर्धा नाही, आणि स्पर्धा नाही तर थेट जागाही नाही.

अशा बिनगटाच्या संघाला सामने मिळवणं हेच मोठं काम असतं. ऑक्टोबरात कोणीही खेळतो. जानेवारी उजाडला की सगळ्या कॉन्फरन्स आपापल्या सामन्यांत गुंततात आणि फोनला उत्तरं येईनाशी होतात. तिथे सम-विषमाचा खेळ सुरू होतो. दक्षिण डकोटातलं ऑगस्टाना टप्प्याटप्प्याने सीसीएचएत आलं आणि संघ नऊ झाले. वर्गात मी विचारते : नऊ संघ, प्रत्येकाच्या तेरा जोडसामन्यांच्या खेपा, बसवा. हुशार मुलं संगणक चालू करतात. त्याहून हुशार मुलगी फळ्याकडे बघून म्हणते, नऊ तेरे एकशे सतरा, निम्मे होत नाहीत, बसणारच नाही. मग कोणाला तरी वेगळं वागवा किंवा तेराचा आकडा बदला. शिवाय विषम संख्येत दर आठवड्याला एक संघ रिकामा राहतोच, अगदी फेब्रुवारीतही. फेअरबँक्सचा फोन उचलला जातो तो या रिकाम्या संघाकडून.

सेंट थॉमसला आता साडेसात कोटी डॉलरच्या देणगीची नवी रिंक मिळाली आहे आणि २०२६-२७पासून ते एनसीएचसीत जायचं ठरलं आहे. त्यांच्या जागी कोणी आलं नाही तर सीसीएचएत पुन्हा आठ उरतील. आठ तेरे एकशे चार, निम्मे बावन्न, सगळं चोख बसेल आणि फेब्रुवारीत रिकामं कोणी राहणार नाही.