नीट झालं की मग

इंग्रजी गाणी माझ्या कानाला कधी लागली नाहीत. शब्द कळत नाहीत आणि वाद्यांचा दणदणाट डोक्यात जातो. पण गेल्या श्रावणात भाचा मला गाडीनं गोव्याला घेऊन निघाला होता. जांबोटी मागं पडली, चोर्ल्याच्या घाटात धुकं उतरलं आणि त्यानं एक गाणं लावलं. सुरुवातीला गिटारची लहानशी नक्षी, पाण्यावर ऊन हलावं तशी. मग एका पोराचा किंचित चिरका, पण आत जाणारा आवाज. पावणेतीन मिनिटांत सगळं संपलंसुद्धा. मी म्हटलं, ‘‘परत लाव बघू.’’

भाच्याला आश्चर्य वाटलं. म्हणाला, ‘‘‘देअर शी गोज’ म्हणतात याला. बँडचं नाव ‘द लाज’.’’

‘‘लाज? कसली रे लाज?’’

तो पोट धरून हसला. मग म्हणाला, ‘‘लाज त्यांच्या गायकाला वाटत होती बघ. हे गाणं ज्या अल्बममध्ये आहे, तो अल्बम त्याला अजिबात पसंत नव्हता. विकत घेणाऱ्या लोकांचं त्याला नवल वाटायचं.’’ थोडा वेळ तो गप्प राहिला आणि वळण घेता घेता त्यानं विचारलं, ‘‘आत्या, बाबांचं एकसुद्धा रेकॉर्डिंग कसं नाही गं आपल्याकडं? एवढं गायचे म्हणतात सगळे.’’

माझ्यापाशी या प्रश्नाचं उत्तर होतं. ते द्यायचं धाडस नव्हतं. म्हणून मी त्या बँडचीच चौकशी सुरू केली. त्यानं वाटेत सांगितलं, घरी आल्यावर मी आणखी वाचलं आणि ती पोरं माझ्या डोक्यातून जाईनात.

लिव्हरपूल हे इंग्लंडचं जुनं बंदर, मर्सी नदीच्या मुखावरचं. बीटल्स याच गावचे. तिथं १९८३ साली माइक बॅजर नावाच्या तरुणानं हा बँड काढला. तिकडच्या बोलीत पोराला, मित्राला ‘ला’ म्हणून हाक मारतात. आपल्याकडं ‘लेका’ म्हणतात ना, तसंच. म्हणजे नाव साधंच, ‘पोरं’. पुढल्या वर्षी ली मेव्हर्स त्यात आला आणि हळूहळू गाणी त्याची झाली. शब्द त्याचे, चाली त्याच्या, आवाज त्याचा. १९८६ मध्ये जॉन पॉवर हा बेस गिटार वाजवणारा पोरगा आला. त्याच वर्षाच्या शेवटाला बॅजर बाहेर पडला, म्हणजे ज्यानं घर बांधलं तोच घराबाहेर गेला. बाकीचे वादक येत-जात राहिले. ली आणि जॉन मात्र टिकले.

१९८७ मध्ये ‘गो! डिस्क्स’ या कंपनीनं त्यांच्याशी करार केला. आता अल्बम करायचा होता. गाणी तयार होती, गळा तयार होता. पण त्यानंतर तीन वर्षं निघून गेली. स्टुडिओ बदलले, मुद्रण करून घेणारे निर्माते बदलले. त्यात माइक हेजेस होता. जॉन लेकीही होता, ज्यानं ‘स्टोन रोझेस’ या बँडचा गाजलेला पहिला अल्बम केला. कुणाचंच काम मेव्हर्सला पटलं नाही. डोक्यात जे वाजतंय ते फितीवर उतरत नाही, गाण्यातला जीव मधेच कुठंतरी गळून पडतो, हीच त्याची कायमची तक्रार. त्याच्याबद्दल एक आख्यायिका सांगतात. साठच्या दशकातलं एक जुनं मिक्सिंग डेस्क त्याच्यासाठी मुद्दाम मिळवलं, तर म्हणे यावर त्या काळातली मूळ धूळ नाही! खरं-खोटं देव जाणे. पण माणसाबद्दल कोणती दंतकथा तयार होते, यावरून माणूस थोडा कळतोच.

शेवटी स्टीव्ह लिलीव्हाइट आला. ‘यू टू’ या आयरिश बँडचे सुरुवातीचे अल्बम त्यानं केले होते. त्याच्यासोबतही काम अर्ध्यावर मोडलं. पण कंपनीचे पैसे आणि धीर दोन्ही संपत आले होते. लिलीव्हाइटनं असलेल्या मुद्रणांतून अल्बम जुळवला आणि ऑक्टोबर १९९० मध्ये तो बाजारात आला. नाव बँडचंच. बारा गाणी, सारी मिळून साधारण पस्तीस मिनिटं. हेच ‘देअर शी गोज’ १९८८ मध्ये एकदा निघून फारसं कुणाच्या लक्षात न येता विरून गेलं होतं. आता थोडं नव्यानं घडवून काढलं, तर इंग्लंडच्या यादीत तेराव्या क्रमांकावर चढलं.

आपल्याकडं पोराचं असं नाव झालं, तर घरात पेढे वाटले असते. मेव्हर्स मात्र मुलाखत घेणाऱ्यांना तोंडावर सांगत सुटला, की हा अल्बम आम्हाला आवडलेला नाही, आमचं ऐकून न घेता काढलाय. त्यांनी युरोप-अमेरिकेचे दौरे केले, तीच ती गाणी गायली. १९९१ च्या शेवटाला जॉन पॉवर कंटाळून निघून गेला. त्यानं ‘कास्ट’ नावाचा आपला बँड उभा केला. १९९५ मध्ये त्यांचा पहिला अल्बम आला, चांगला खपला. तो करून घेतला जॉन लेकीनंच. ज्या माणसाचं काम एका मित्राला पटलं नाही, त्याच माणसाच्या हातून दुसऱ्या मित्राचं घर उभं राहिलं.

आणि मेव्हर्स? त्याचा दुसरा अल्बम आजतागायत आलेला नाही. मधून मधून तो लोकांसमोर आला. २००५ च्या उन्हाळ्यात तर जॉन पॉवरला सोबत घेऊन ग्लॅस्टनबरीच्या मोठ्या महोत्सवात गायला. पुन्हा दिसेनासा झाला. एवढ्या वर्षांची कमाई म्हणाल तर ती पस्तीस मिनिटं. पण ते एक गाणं जगभर फिरत राहिलं. १९९८ च्या ‘द पॅरेंट ट्रॅप’ या सिनेमात ते वाजलं. १९९९ मध्ये एका अमेरिकन बँडनं गायलेलं तेच गाणं पुन्हा गाजलं. २००८ मध्ये अल्बमची मोठी आवृत्ती निघाली, तिच्यात हेजेसकडं केलेलं आणि तेव्हा नाकारलेलं मुद्रणही घातलं होतं. नाकारलेलंसुद्धा लोक आवडीनं ऐकत बसले.

हे वाचताना पहिल्यांदा मला मेव्हर्सचा राग आला. मग कंपनीचा आला. गाणं त्याचं, मग ‘झालं’ म्हणायचा हक्क दुसऱ्याचा कसा? आणि तिसऱ्या दिवशी राग जिथं यायला हवा होता तिथं आला. माझ्यावर.

माझा दादा गायचा. नोकरी छापखान्यातली, पण हाताला शाई आणि कंठाला सूर अशी त्याची ओळख होती. बेळगावच्या मातीत गाण्याचं वेड काही नवं नाही. कुमार गंधर्व याच जिल्ह्यातल्या सुळेभावीचे. दादा काही मोठा गवई नव्हता. गल्लीतल्या भजनात, गणपतीत, कुणाच्या घरच्या कार्यात पेटी पुढं ओढून बसायचा. पण तो गायला लागला की आई परातीतली कणीक तशीच ठेवून दारात येऊन उभी राहायची.

१९९२ च्या दिवाळीत आमच्या ह्यांनी नवा टेपरेकॉर्डर घेतला होता. भाऊबीजेला दादा जेवून माजघरात बसला आणि सहज नाट्यपदं म्हणू लागला. मी त्याला न सांगता मशीन फडताळात ठेवून बटण दाबलं. पाऊण तास तो गात होता. दुसऱ्या दिवशी कौतुकानं त्याला ऐकवलं, तर त्याचा चेहरा उतरला. डोळे मिटून पाच मिनिटं ऐकलं आणि म्हणाला, ‘‘पेटीची एक पट्टी बोलत नाही. दुसऱ्या अंतऱ्यात श्वास तुटलाय. मधे भांडी वाजलीत. पूस ते.’’

‘‘असू दे की रे दादा, घरातच तर ऐकणार.’’

‘‘नको. आपण नीट करू. तबलजी बोलावू, शांतपणे बसू. नीट झालं की मग ठेव जन्मभर.’’

मी आज्ञाधारक बहीण. त्याच आठवड्यात त्या कॅसेटवर रेडिओवरची भावगीतं भरून घेतली. त्यानंतर दर दिवाळीला ‘‘या खेपेला करू’’ व्हायचं. कधी त्याचा घसा बसलेला, कधी तबलजी गावाला गेलेला. १९९८ च्या मे महिन्यात दादा अचानक गेला. भाचा तेव्हा पाच वर्षांचा होता. त्याला बापाचे हात आठवतात, शाईचा वास आठवतो. आवाज आठवत नाही.

कंपनीनं गायकाचं ऐकलं नाही, मी ऐकलं. बरोबर कोण? मला अजूनही सांगता येत नाही. मेव्हर्सचं दुःख खोटं नव्हतं. आपलं अर्धंकच्चं काम चारचौघांत मांडलं गेलं, तर कुठल्याही कारागिराला लागतंच. दादाच्या कानानं पकडलेल्या चुकाही खऱ्या होत्या. पण त्या चुका कळणारा कान एकट्या त्याचा होता. आम्हाला त्या भांड्यांच्या आवाजासकट ते गाणं हवं होतं. किंबहुना ती भांडी आई घासत होती. आज तेही ऐकायला मिळालं असतं.

गणपतीत भाचा घरी आला. आरती झाली, पानं झाली, बाकीची मंडळी पांगली. मी कपाटातून ती कॅसेट काढून त्याच्या हातात दिली आणि सगळं सांगितलं. वाटलं होतं चिडेल. त्यानं कॅसेट उलटसुलट करून बघितली. वरती माझ्या अक्षरात ‘भावगीते’ लिहिलेलं. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘‘कुठलं पद होतं गं? कसं म्हणायचे बाबा?’’

‘‘माझा गळा कुठला तसला! आणि आता तर दमसुद्धा टिकत नाही.’’

‘‘बाबांची जागा कुठं यायची तेवढं दाखव.’’

त्यानं मोबाइल चौरंगाच्या कडेला उभा केला. लाल ठिपका लागलेला मला दिसत होता. मी म्हटलं, ‘‘बेसूर होईल रे.’’

‘‘होऊ दे की.’’

मी म्हटलं. दोनदा सूर सुटला, एकदा शब्द विसरले. तिसऱ्या ओळीवर दादा जिथं क्षणभर थांबून वरचा षड्ज अलगद उचलायचा, ती जागा हातानंच दाखवली, कारण गळ्यातून ती निघेना. मधेच शेजाऱ्यांच्या पोरांनी फटाका लावला.

त्यानं बटण बंद केलं. मी ते अजून ऐकलेलं नाही. पूस, असंही म्हटलेलं नाही.